पहिला वॅट

आज काही विकत घ्यायचं नाही, एवढं ठरवून बसू या.

रात्रीचे साडेनऊ-दहा. जेवणं झाली, ओटा पुसून झाला, शेजारच्या टीव्हीवरची मालिका आटोपली. जिथे गाणं ऐकायचं त्याच खोलीत या. पंखा बंद करा. फोन पालथा ठेवा. त्यावर उघडून ठेवलेले शंभर वॅट नि दीडशे वॅटचे ॲम्प्लिफायर रात्रभर कुठे जात नाहीत.

पंख्याची पाती पुरती थांबू द्या. मग कळेल की खोली गप्प नसतेच. फ्रीजची घरघर, खालून गेलेली रिक्षा, वरच्या मजल्यावर कुणी ओढलेली खुर्ची. शहरातल्या फ्लॅटमध्ये एवढ्या रात्रीही तीस-पस्तीस डेसिबलचा हा गाळ तळाशी असतोच. तुमच्या गाण्यातली सगळ्यात हळू जागा, म्हणजे तान संपल्यावर मागे नुसता उरलेला तंबोरा, या गाळाच्या वर राहायला हवी. ॲम्प्लिफायरची मोजणी इथून सुरू करायची.

आता एक टाळी वाजवा. एकच, कोरडी. 'टप्' होऊन विरली तर तुम्ही नशीबवान. घरात पुस्तकं, पडदे, गाद्या पुरेशा आहेत. पण गुळगुळीत टाइल्स आणि कोऱ्या भिंती असतील तर टाळीमागून 'टर्रर्र' अशी बारीक शेपटी येते. समोरासमोरच्या दोन भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत बसतात. हीच शेपटी उद्या तबल्याच्या प्रत्येक 'ना'ला लागणार, आणि तुम्ही म्हणाल, ॲम्प्लिफायर कर्कश आहे. मी म्हणत होतो. दोन वर्षं म्हणत होतो. शेवटी घरातली जुनी जाड गोधडी भिंतीपासून चार बोटं पुढे टांगली तेव्हा गप्प झालो. ॲम्प्लिफायर तोच होता.

आणखी एक करा, कुणी बघत नाहीये. आवाज जितका खाली जाईल तितका नेऊन तोंड मिटून गुणगुणा आणि सावकाश वर चढा. एका ठिकाणी खोली अचानक साथ द्यायला लागेल, कान भरून येतील. बारा फूट लांबीच्या खोलीत साधारण 47 हर्ट्झचा स्वर दोन भिंतींच्या मध्ये नेमका मावतो, आणि त्याच्या दुपटीचा, म्हणजे 95 च्या आसपासचाही. तुमच्या गळ्याला बहुधा हा दुसरा सापडेल. तो सापडला की उठा, कोपऱ्यात जा, तोंड कोपऱ्याकडे करून तोच स्वर पुन्हा लावा. फुगला ना? फर्निचरच्या सोयीसाठी स्पीकर कोपऱ्यात कोंबायचे ठरवले असतील, तर ते असेच फुगणार. परत येऊन बसा.

समोरच्या भिंतीपुढे दोन स्पीकर मनानेच ठेवा. ॲम्प्लिफायर अजून नको. आधी ॲम्प्लिफायर आणि मग उरलेल्या पैशांत स्पीकर, हा उलटा क्रम मी पुष्कळ घरांत पाहिला आहे आणि तो कधी सुफळ झालेला पाहिला नाही. माणूस आधी ठरतो, मग त्याच्या मापाचा सदरा. खोलीचा आणि कानाचा स्पीकर ठरला की ॲम्प्लिफायर निम्मा ठरलेला असतो.

स्पीकरच्या कागदावर दोन आकडे बघायचे. पहिला: एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज. यावरून त्याची भूक कळते. दोन टोकं डोळ्यांसमोर आणा. एका टोकाला क्लिप्शहॉर्न. पॉल क्लिप्श यांनी अमेरिकेत 1946 साली बाजारात आणलेला, अजूनही बनणारा, कोपऱ्यातच उभा करायचा कपाटाएवढा स्पीकर. (कोपऱ्याबद्दल आत्ताच बोललो त्याला हा अपवाद, कोपऱ्याच्या दोन भिंती हा त्याच्या कर्ण्याचाच भाग धरलेला आहे.) जुन्या ग्रामोफोनचा कर्णा आठवा: सुईमागची इवलीशी चकती थरथरते आणि सगळा दिवाणखाना ऐकतो. तीच युक्ती. एका वॅटला हा सुमारे 104 डेसिबल देतो.

दुसऱ्या टोकाला बीबीसीचा एलएस 3/5ए. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बीबीसीच्या अभियंत्यांनी बाहेरगावी प्रक्षेपणाला जाणाऱ्या गाडीसाठी तो घडवला. गाडीत बसून निवेदकाचा आवाज खराखुरा आहे की नाही हे तपासायचं, एवढंच त्याचं काम. उंची फूटभर, पेटी सगळीकडून बंद, आत पाच लिटर हवा. एका वॅटला तो 83 डेसिबलसुद्धा धड देत नाही.

दोघांत 21 डेसिबलचं अंतर. तीन डेसिबल वाढवायचे तर वॅट दुप्पट लागतात, दहा वाढवायचे तर दहापट. 21 म्हणजे सव्वाशे पट. क्लिप्शहॉर्न जे एका वॅटमध्ये करतो ते करायला त्या इंग्रज पेटीला सव्वाशे वॅट पाजावे लागतील, आणि तेवढे तिला सोसणार नाहीत. पंचवीस वॅटपर्यंतच तिची मजल. तरीही माणसाच्या आवाजासाठी आजही लोक तिला जपून ठेवतात. ती जवळ बसून, हळू आवाजात ऐकणाऱ्यांसाठी आहे. लग्नाच्या हॉलसाठी नाही, आणि तिने तसं कधी म्हटलंही नव्हतं.

आता प्रश्न स्पीकरचा उरत नाही. तुम्ही किती जोरात ऐकता?

घाईने उत्तर देऊ नका. 'थोडं जोरातच आवडतं' असं सगळेच म्हणतात. फोन उचला, आवाज मोजायचं एखादं फुकटचं ॲप उघडा. अगदी अचूक नसतं, पण चालतं. रोज जे जितक्या आवाजात ऐकता ते तितक्याच आवाजात लावा आणि आकडा बघा. बहुतेक घरांत तो सत्तर ते पंच्याहत्तरच्या मध्ये घुटमळेल. त्यापुढे घरातलं कुणीतरी स्वयंपाकघरातून हाक मारतं.

हिशेब सावकाश करू. आज दुकानात मिळणारे मध्यम आकाराचे स्पीकर साधारण 86 डेसिबलचे असतात. तुम्ही आठ फुटांवर बसलात की अंतरामुळे थोडं घटतं, स्पीकर दोन असल्यामुळे थोडं परत मिळतं, खोली आपली भर घालते. दोन्हींना एकेक वॅट दिला तर खुर्चीपाशी अंदाजे 83 पोचतात. तुम्हाला हवेत 75. म्हणजे आठ कमी. म्हणजे प्रत्येक स्पीकरला लागला एका वॅटचा सहावा हिस्सा.

या आकड्यापाशी जरा बसून राहा. विलंबित ख्यालाची अर्धीअधिक मैफल एका वॅटच्याही आत उलगडते. पूर्वी आपल्या घरांत झीरो बल्ब रात्रभर जळायचा. त्याच्याही अगदी लहानशा हिश्श्याएवढी वीज. तेव्हा पहिला प्रश्न 'हा शंभर वॅट देतो का' असा नसून 'हा पहिला वॅट कसा देतो' असा आहे. स्वच्छ देतो का? आवाजाची मूठ अगदी खाली असताना डावा-उजवा समान राहतो का, की एक बाजू लंगडते? गाणं थांबलं की त्याच्या पोटातून घुंईं ऐकू येतं का? रात्री कान स्पीकरच्या जाळीला लावून ऐका. महागड्या यंत्रांतही ही घुंईं मी ऐकली आहे.

पण लगेच 'दहा वॅट पुरे' असंही म्हणू नका. संगीत सपाट नसतं. पखवाजावरची थाप, सतारीवर मारलेला झाला, तारसप्तकात अचानक लागलेली पुकार. ही टोकं सरासरीच्या वर पंधरा-वीस डेसिबल जातात. वीस म्हणजे शंभर पट. सहाव्या हिश्श्याचे शंभर पट केले की सोळा-सतरा वॅट होतात. म्हणजे वीस वॅटचा प्रामाणिक ॲम्प्लिफायर तुम्हाला पुरला. तुमचा आकडा 75 ऐवजी 85 असेल तर मात्र तोच हिशेब दीडशेच्या पुढे जातो. दहा डेसिबलने सगळं गणित बदललं. म्हणून आधी मोजायला लावलं.

आणि पन्नास वॅटचा घ्यावा की शंभरचा, यावर ज्यांची झोप उडाली आहे त्यांनी झोपावं. फरक तीन डेसिबलचा आहे. मूठ किंचित फिरवली की होतो तेवढा.

दुसरा आकडा ओहमचा. इथे लोक घाबरतात. घाबरायचं कारण नाही, पण हळू जायचं कारण आहे.

सोसायटीच्या गच्चीवरची टाकी मनात आणा. टाकीची उंची म्हणजे ॲम्प्लिफायरचा दाब, व्होल्टेज. तुमच्या घराकडे आलेल्या पाइपाची तोंडं म्हणजे स्पीकर. आठ ओहम म्हणजे अरुंद तोंड, चार ओहम म्हणजे रुंद. दाब तोच ठेवून तोंडाचं क्षेत्रफळ दुप्पट केलं की पाणी दुप्पट वाहतं. आठ ओहमला 2.83 व्होल्ट दिले की एक वॅट जातो. चार ओहमला तेवढेच व्होल्ट दिले की दोन. स्पीकरला त्यात काही अडचण नाही. अडचण टाकीची. तळमजल्यावर कुणी मोठा नळ पुरता सोडला की तिसऱ्या मजल्यावरची धार बारीक होते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. टाकी लहान, पाइप बारीक, तर अशी वेळ येतेच.

आणि हे तोंड एका मापाचं नसतं. कागदावर '8 ओहम' लिहिलेला स्पीकर एका स्वराला वीस-तीस ओहम असतो, दुसऱ्याला पाच, कधी साडेतीन. लिहिलेला आकडा नावापुरता. म्हणून दुकानात विचारायचं ते हे: सगळ्यात खाली किती ओहमपर्यंत उतरतो? आणि ॲम्प्लिफायरच्या बाबतीत: आठ ओहमला इतके वॅट, मग चारला किती? जवळजवळ दुप्पट होत असतील तर टाकी मोठी आहे. आकडा जेमतेम वाढत असेल किंवा चार ओहमचा उल्लेखच टाळला असेल, तर सौम्य स्वभावाचा, आठच्या आसपास राहणारा स्पीकर बघा. कुणाचाच दोष नाही. पत्रिका जुळत नाही एवढंच. आवाजाची मूठ जराशी फिरवताच खोली दणाणली म्हणून ॲम्प्लिफायर ताकदवान, असंही समजू नये. नळ किती फिरवला यावरून टाकी किती मोठी ते कळत नाही.

याचं उत्तम उदाहरण 1978 सालचा एनएडी 3020 हा ॲम्प्लिफायर. एरिक एडवर्डसेन या नॉर्वेच्या अभियंत्याने आखलेला, दिसायला काळपट-करडा आणि साधा, कागदावर फक्त वीस वॅट. पण क्षणभरासाठी मागितलं तर तो त्याहून बराच जास्त देई, अवघड ओहमच्या स्पीकरपुढेही लवकर हात टेकत नसे, आणि ताकद संपायला आली की लाटेचा माथा एकदम छाटण्याऐवजी गोलाई देऊन झुकवत असे. चाळीस-पन्नास वॅटचे छाती फुगवलेले ॲम्प्लिफायर शेजारी ठेवून लोकांनी याचीच निवड केली. आमच्याकडे भारतात तो कुणाच्या तरी परदेशातल्या भावाकडून यायचा.

उलट टोकही पाहू. इंग्लंडमधल्या क्वाड कंपनीच्या पीटर वॉकर यांनी 1957 साली बाजारात आणलेला विद्युतस्थितिक स्पीकर. त्यात खालच्या स्वरांचा वूफर नाही, शंकू नाही. उंच दाबाच्या विजेवर ताणलेला एक पातळ पडदा हलतो. त्याच्या जोडीला क्वाडचाच पंधरा वॅटचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. पुढे ट्रान्झिस्टरचे दांडगे ॲम्प्लिफायर आले तेव्हा काही उत्साही मंडळींनी ते या स्पीकरला जोडले, आणि आत ठिणग्या पडून पडदे जळाले. साधारण 33 व्होल्टच्या पुढे त्याला झेपतच नाही. जास्त ताकद म्हणजे जास्त सुरक्षित, हे तिथे साफ खोटं ठरतं.

कमी ताकद म्हणजे सुरक्षित, हेही खोटं. ते मी पैसे मोजून शिकलो. सोसायटीच्या गणपतीत माझा पंधरा वॅटचा ॲम्प्लिफायर आणि घरचे स्पीकर मांडवात नेले. स्पीकरवर साठ वॅट लिहिलेलं. पंधरा साठला काय जाळणार? मुलांनी मूठ शेवटपर्यंत फिरवली, ती विसर्जनापर्यंत तिथेच. घरी आणल्यावर डाव्या स्पीकरवर जणू कांबळं टाकलं होतं. आतला उंच स्वरांचा ट्विटर उघडला. केसाहून फार जाड नसलेली तांब्याची तार, तिची बोटाच्या पेराएवढी गुंडाळी, एका बाजूने तपकिरी पडलेली. वार्निश करपल्याचा वास. ॲम्प्लिफायरला पेलत नाही इतकं मागितलं की तो लाटेचे माथे कापून सपाट करतो. त्या कापलेल्या कडांतून तीक्ष्ण, उंच स्वरांचा पूर निघतो आणि तो सगळा ट्विटरकडे जातो. बिचाऱ्याची तयारी मोजक्याच वॅटची. मांडवात कुणाला कळलंही नाही, कारण ढोल वाजत होता.

डोळे मिटा आता, हवं तर. तबल्यातला डग्गा आठवा. मनगट सरकवत हात पुढे नेला की 'घे' कसा खालून वर चढतो, आणि बोटं उचलली की कसा लगेच थांबतो. थांबणं महत्त्वाचं. वूफर एकदा हलला की त्याला आपण होऊन हलत राहायचं असतं. त्याला आवरून धरण्याचं काम ॲम्प्लिफायरचं. काही व्हॉल्व्हवाल्यांची पकड सैल असते, घुमारा जरा लांबतो, आणि काही कानांना तो गोड लागतो. मला नाही लागत. पण दुसऱ्याच्या कानात शिरून भांडता येत नाही.

वायरवर वेळ घालवू नका. अडीच चौरस मिलिमीटरची लवचीक तांब्याची वायर, पाच मीटर लांब, जाऊन-येऊन 0.07 ओहम. झालं. लाल लालला, काळी काळीला. एक बाजू उलटी लागली तर डग्गा गायब होतो आणि गायक खोलीभर पसरल्यासारखा वाटतो. असं झालं तर ॲम्प्लिफायर परत करायला धावण्याआधी वाकून मागे बघा.

शेवटी तंबोरा. कोणतीही जोडी पारखायची तर मी तंबोऱ्याशीच जातो. पुरुष गायकाच्या काळी एकच्या तंबोऱ्यात खर्जाची तार सुमारे 69 हर्ट्झवर हलते. पाच इंची वूफरला तिथे धाप लागते. तरी छोट्या ट्रान्झिस्टरवरदेखील खर्ज कळतो, कारण जवारीमुळे त्या तारेतून वरचे स्वर इतके भरघोस निघतात की खालचा स्वर कान स्वतः जुळवून घेतो. मिरजेच्या कारागिराला जवारी काढताना पाहिलंत का कधी? घोडीचा माथा हलक्या हाताने घासायचा, तारेखालचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे. आणि एका जागी तार उमलते. भोपळा तोच, तार तीच.

तर तुमच्या ओळखीचं, शेकडो वेळा ऐकलेलं एखादं ध्वनिमुद्रण घ्या. किशोरीताई आमोणकरांचा भूप असेल, आणखी काही असेल. नेहमीपेक्षा हळू लावा. जड जोडी हळू आवाजात झोपते. चांगली जोडी हळू आवाजातही चारही तारा वेगवेगळ्या दाखवते. चाळीस मिनिटं ऐका. पहिल्या पाच मिनिटांत जो चमकदार वाटतो तो पुष्कळदा विसाव्या मिनिटाला कानाशी कटकट करतो.

आणि दुकानात दोन ॲम्प्लिफायर शेजारीशेजारी ऐकवले जातील तेव्हा फोनवरचं ते मोजायचं ॲप काढा. दोन्हींचा आकडा सारखा करायला सांगा. एक डेसिबलने मोठा असलेला नेहमी 'उघडा' आणि 'जिवंत' वाटतो. आवाज मोठा आहे हे मात्र कळत नाही. बरेच विकणारे हे जाणतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा, पुण्याच्या तापकीर गल्लीत जा, नाहीतर गालिचे घातलेल्या एखाद्या वातानुकूलित शोरूममध्ये. आकडा सारखा करून घेतल्याशिवाय मान डोलवू नका.

पंखा लावा आता. उकडत असेल.

स्पीकर घरात आधीच असतील तर शनिवार-रविवार टाळून जा, आणि तेच दोन्ही स्पीकर चादरीत गुंडाळून रिक्षाने बरोबर न्या. दुकानदार हसेल. हसू द्या, पण ऐकायचे ते तुमचेच स्पीकर.